तांग काउंटी : नदी, खिंड आणि दोन हजार वर्षांचा कारभार

स्थान आणि भूरचना

चीनच्या हबेई प्रांतात, बाओदिंग शहराच्या नैर्ऋत्येला, ताइहांग पर्वताच्या पूर्व पायथ्याशी तांग काउंटी वसलेली आहे. तिचे क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौरस किलोमीटर असून लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास आहे. उत्तरेला लाइयुआन, पश्चिमेला फूपिंग, दक्षिणेला छ्वीयांग आणि दिंगचौ, पूर्वेला शुनपिंग आणि वांगदू असे तिचे शेजारी आहेत. काउंटीचे मुख्य ठाणे रेनहौ या गावात आहे.

ज्याला इंग्रजीच्या वळणाने काउंटी म्हटले जाते, त्याला चिनी भाषेत ‘शिएन’ असा शब्द आहे. मराठी वाचकाला तो आकाराने तालुक्यासारखा वाटेल. पण त्याच्याकडचे अधिकार तालुक्याहून पुष्कळ अधिक आहेत. आजच्या रचनेत प्रांत, त्याखाली जिल्हा दर्जाचे शहर, त्याखाली काउंटी आणि तिच्याखाली लहानमोठी गावे अशी उतरंड आहे. यातले वरचे थर इतिहासात वारंवार बदलले. काउंटी मात्र बहुतेक जागच्या जागी राहिली. असे का झाले, हे तांग काउंटीच्या भूगोलातून आणि कारभारातून चांगले उलगडते.

काउंटीची जमीन वायव्येकडून आग्नेयेकडे उतरत जाते. वायव्येला ताइहांगचे उंच डोंगर आहेत. तिथल्या दामाओ पर्वताची उंची १,८०० मीटरहून अधिक असून त्याचा पसारा तांग, फूपिंग आणि आसपासच्या काउंट्यांमध्ये विभागलेला आहे. मधल्या पट्ट्यात टेकड्या, घळी आणि अरुंद खोरी आहेत. आग्नेयेला नद्यांनी आणलेल्या गाळाचे सपाट मैदान सुरू होते आणि ते पुढे थेट समुद्रापर्यंत पसरत जाते. काउंटीचा मोठा भाग डोंगर आणि टेकड्यांनी व्यापला आहे. सुपीक सपाट जमीन थोडी आहे. गहू आणि मका मैदानात पिकतो, तर बोरासारखे चिनी खजूर, अक्रोड आणि मेंढपाळी यांवर डोंगराळ भागाचा संसार चालतो. मांसासाठी मेंढ्या आणून त्या पोसण्याचा धंदा इथे अलीकडच्या काळात मोठा झाला आहे.

हवामान मोसमी आहे. हिवाळा कोरडा आणि कडक थंडीचा, उन्हाळा उष्ण. वर्षाचा पाऊस सुमारे ५०० मिलिमीटर पडतो आणि त्यातला बहुतांश जुलै-ऑगस्टमध्ये कोसळतो. म्हणून या प्रदेशात एकाच वर्षात वसंतात दुष्काळ आणि पावसाळ्यात पूर अशी दोन्ही संकटे येऊ शकतात. पाणी साठवणे आणि पाणी आवरणे ही दोन कामे इथल्या प्रत्येक राजवटीच्या वाट्याला आली.

नदी आणि खिंड

काउंटीच्याच नावाची तांग नदी शान्शी प्रांतातल्या हुनयुआन इथे उगम पावते. लिंगछियू आणि लाइयुआन ओलांडून ती वायव्येच्या कोपऱ्यातून तांग काउंटीत शिरते, डोंगर फोडत आग्नेयेला येते आणि मैदानात उतरून शेवटी बायांगदियान सरोवराला मिळते. शान्शीचे पठार आणि हबेईचे मैदान यांच्यामध्ये ताइहांगची भिंत उभी आहे. ही भिंत ओलांडायची तर नद्यांनी कोरलेल्या घळींखेरीज दुसरा सोयीचा मार्ग नाही. तांग नदीची घळ ही अशा मोजक्या वाटांपैकी एक.

ही वाट ज्या ठिकाणी सर्वांत सहज अडवता येते, तिथे दाओमाग्वान हे नाके आहे. नावाचा अर्थ ‘घोडा पडला ती खिंड’ असा होतो. सोंग काळातील यांग घराण्याच्या सेनापतीचा घोडा इथे कोसळला, अशी लोककथा या नावामागे सांगतात. मिंग राजवटीत चीनच्या भिंतीची आतली शाखा बळकट करण्यात आली, तेव्हा जूयोंग, झिजिंग आणि दाओमा ही तीन ‘आतली नाकी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. राजधानी बीजिंगकडे जाणारे डोंगरी रस्ते या तिघांच्या ताब्यात होते. १४४९ मध्ये तुमूच्या लढाईत मिंग सम्राट मंगोलांच्या हाती सापडला आणि मंगोल सैन्य झिजिंगच्या खिंडीतून बीजिंगपर्यंत पोहोचले. त्यानंतर या नाक्यांचे महत्त्व दरबाराला नव्याने पटले.

तांग काउंटीच्या इतिहासातील बऱ्याच गोष्टी या एका रचनेतून निघतात. नदीमुळे शेती आली, शेतीमुळे महसूल आला आणि महसुलासाठी ठाणे आले. खिंडीमुळे सैन्य आले. ठाणे मैदानाच्या काठाशी आणि नाके डोंगराच्या तोंडाशी, अशी कामांची विभागणी शतकानुशतके टिकली.

नावाची परंपरा

तांग हे नाव सातव्या शतकातल्या प्रसिद्ध तांग राजघराण्यावरून आलेले नाही. राजघराणे ६१८ मध्ये सत्तेवर आले. काउंटी त्याच्या कित्येक शतके आधीची आहे. परंपरेनुसार प्राचीन आदर्श राजा याओ याला तरुणपणी तांगची जहागीर मिळाली होती आणि ती याच भागात होती. याओ ही पुराणकथेतली व्यक्ती आहे आणि शान्शीमधली ठिकाणेही त्याच्यावर हक्क सांगतात. तरीही ही आठवण इथल्या भूगोलात खोल मुरली आहे. शेजारच्या वांगदू काउंटीच्या नावाचा अर्थ ‘दू पर्वताकडे पाहणे’. याओच्या टेकडीवर चढले की त्याच्या आईच्या नावाशी जोडलेला दू पर्वत दिसतो, अशी तिची व्युत्पत्ती जुन्या ग्रंथांत देतात.

पर्वतांच्या नावांतही राजसत्तेचा हात दिसतो. दामाओ पर्वत हा प्राचीन काळी पाच पवित्र पर्वतांपैकी उत्तरेचा पर्वत, म्हणजे हंगशान, मानला जाई. हान सम्राट वन याचे व्यक्तिनाव हंग होते. सम्राटाच्या नावातले अक्षर प्रजेने वापरायचे नाही, या नियमामुळे पर्वताचे आणि त्या भागाचे नाव बदलून चांगशान करण्यात आले. या पर्वताची शासकीय पूजा शेजारच्या छ्वीयांग इथल्या मंदिरात होत असे. १६६० मध्ये छिंग दरबाराने ती शान्शीतील हुनयुआनकडे हलवली. तांग नदीचा उगमही हुनयुआनमध्येच आहे. त्यामुळे उत्तरेच्या पर्वताचा मान नदीच्या खालच्या अंगाकडून उगमाकडे गेला.

चोंगशान राज्यापासून हान काउंटीपर्यंत

इसवी सनापूर्वीच्या युद्धमान राज्यांच्या काळात या भागात चोंगशान नावाचे छोटे राज्य होते. ते मूळच्या भटक्या दी लोकांनी स्थापन केले, असे इतिहास सांगतो. मोठ्या राज्यांच्या मध्ये अडकूनही ते दीर्घकाळ टिकले, याचे एक कारण ताइहांगचे डोंगर. अखेर इ.स.पू. २९६ मध्ये चाओ राज्याने ते जिंकले.

इ.स.पू. २२१ मध्ये छिन राजाने सर्व चीन एकत्र केला आणि देशाचे ३६ विभाग पाडून प्रत्येक विभागाखाली काउंट्या ठेवल्या. या रचनेचे वैशिष्ट्य असे की काउंटीचा अधिकारी वंशपरंपरेने येत नसे. राजधानीहून त्याची नेमणूक होई आणि तिथूनच त्याला हटवता येई. सरंजामदाराऐवजी पगारी अधिकारी आणण्याचा हा बदल चीनच्या इतिहासातील सर्वांत टिकाऊ बदलांपैकी एक ठरला.

छिननंतरच्या हान राजवटीत तांग ही काउंटी चोंगशान या मांडलिक राज्याचा भाग होती. इ.स. २ मधल्या जनगणनेचे आकडे हान इतिहासाच्या भूगोलाच्या प्रकरणात जपले गेले आहेत. त्यानुसार देशात काउंटी पातळीचे १,५८७ घटक होते आणि नोंदलेली लोकसंख्या ५ कोटी ९५ लाखांहून अधिक होती. चोंगशानमध्ये १४ काउंट्या, १,६०,८७३ कुटुंबे आणि ६,६८,०८० माणसे नोंदली गेली. तांग हे नाव त्या १४ काउंट्यांच्या यादीत आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कुटुंबे मोजून लिहून ठेवणारी यंत्रणा या डोंगराच्या पायथ्यापर्यंत पोहोचली होती, याचा हा लेखी पुरावा. चोंगशानचा राजा ल्यू शंग याचे थडगे १९६८ मध्ये जवळच्या मानछंग इथे सापडले. त्यातील जेडच्या तुकड्यांचे सोन्याच्या तारेने शिवलेले दफनवस्त्र जगप्रसिद्ध आहे. त्या वैभवामागे तांगसारख्या काउंट्यांतून गोळा होणारा महसूल होता.

वरचे थर बदलले

हान राजवट मोडल्यानंतर उत्तर चीनमध्ये अनेक राज्ये आली आणि गेली. सहाव्या शतकात उत्तर छी राजवटीने तांग काउंटी मोडली. त्याच शतकाच्या अखेरीस स्वी राजवटीने देश पुन्हा एकत्र केल्यावर ती पुन्हा स्थापन झाली. तांग राजवटीत ती दिंगचौच्या अधिकाराखाली होती.

सोंग काळात हा भाग सरहद्दीजवळ आला. १००५ मध्ये सोंग आणि खितान लोकांच्या ल्याओ राज्यात तह झाला आणि सीमा या भागाच्या उत्तरेला स्थिरावली. दिंगचौ हे सोंगांचे सरहद्दीवरचे मोठे लष्करी केंद्र बनले. तिथला १०५५ मध्ये पूर्ण झालेला ८४ मीटर उंचीचा विटांचा मनोरा शत्रूवर नजर ठेवण्यासाठीही वापरला जाई. तांग काउंटी त्याच्या पाठीशी असलेल्या डोंगरवाटांची राखण करत होती.

मंगोलांच्या युआन राजवटीत एक महत्त्वाचा बदल झाला. तांग काउंटी बाओदिंगच्या कारभाराखाली आली. राजधानी आजच्या बीजिंगच्या जागी आल्यामुळे जुने दिंगचौ मागे पडले आणि राजधानीजवळचे बाओदिंग पुढे आले. मिंग आणि छिंग या दोन्ही राजवटींत काउंटी बाओदिंग प्रभागातच राहिली. १६६९ पासून बाओदिंग ही चिहली प्रांताची राजधानी होती. त्यामुळे प्रांताचा सर्वोच्च अधिकारी तांग काउंटीच्या जवळ बसत असे.

न्यायालय, वसुली आणि गावे

छिंग काळातील काउंटी अधिकाऱ्याचे काम आजच्या कोणत्याही एका पदात मावणार नाही. तो सारा वसूल करी, खटले चालवी, चोरदरोडेखोरांचा बंदोबस्त करी, धान्यकोठारे भरून ठेवी, परीक्षांची पहिली फेरी घेई आणि दुष्काळात पावसासाठी शासकीय प्रार्थनाही करी. स्थानिक हितसंबंध जुळू नयेत म्हणून त्याला स्वतःच्या प्रांतात नेमणूक मिळत नसे आणि काही वर्षांत त्याची बदली होई. परिणामी तो त्या भागाला परका असे. कित्येकदा तिथली बोलीही त्याला पुरती कळत नसे. कचेरीतले कारकून आणि शिपाई मात्र स्थानिक असत आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकत. कारभाराची खरी किल्ली बऱ्याचदा त्यांच्या हाती असे. त्यांच्या तुटपुंज्या मोबदल्यामुळे लाचेला वाट मोकळी राही आणि तिचा भार शेवटी शेतकऱ्यावर पडे.

काउंटीच्या खाली पगारी अधिकारी जवळजवळ नव्हते. मिंग राजवटीने ११० कुटुंबांचा एक ‘ली’ बनवला आणि साऱ्याची जबाबदारी त्यातल्या संपन्न घरांवर आळीपाळीने टाकली. पुढे छिंग काळात घरांचे गट करून एकमेकांच्या वर्तनाची जामीनकी देणारी ‘बाओजिया’ पद्धत आली. गावातले घराण्यांचे प्रमुख, परीक्षा पास झालेले पंडित आणि मंदिरांचे विश्वस्त रोजचे व्यवहार पाहत. राज्याचा हात काउंटीच्या ठाण्यापर्यंत पोहोचे. त्यापुढच्या डोंगरवाड्यांत तो हात या गावकऱ्यांचा असे.

ही रचना विसाव्या शतकाच्या आरंभी ढासळली. १९०५ मध्ये शासकीय परीक्षा बंद झाल्या आणि पंडितवर्गाचा आधार तुटला. १९०६ मध्ये बीजिंग-हानकौ रेल्वे पूर्ण झाली. ती बाओदिंग, वांगदू आणि दिंगचौ या मैदानातल्या गावांमधून गेली. तांग काउंटी तिच्या पश्चिमेला, बाजूला राहिली. व्यापार रेल्वेकडे सरकला आणि डोंगरातली जुनी वाट ओस पडू लागली. १९१२ मध्ये साम्राज्य संपले. १९२८ मध्ये चिहली प्रांताचे नाव हबेई झाले.

युद्धाचा काळ आणि सोलापूरचे डॉक्टर

जी गोष्ट व्यापाराच्या दृष्टीने तोट्याची ठरली, तीच युद्धात उपयोगी पडली. सप्टेंबर १९३७ मध्ये जपानी सैन्याने बाओदिंग घेतले. रेल्वे आणि मैदान त्यांच्या ताब्यात गेले. डोंगर मात्र कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेच्या हाती राहिला. नोव्हेंबर १९३७ मध्ये न्ये रोंगचन यांच्या नेतृत्वाखाली जिन-चा-जी लष्करी विभाग स्थापन झाला आणि जानेवारी १९३८ मध्ये फूपिंगमध्ये त्याचे नागरी सरकार उभे राहिले. जिन म्हणजे शान्शी, चा म्हणजे चाहार, जी म्हणजे हबेई. तीन प्रांतांच्या सीमेवरच्या डोंगराळ काउंट्या एकत्र करून हा प्रदेश बनला. तांग काउंटी त्याच्या पूर्व कडेला होती. तिचे मैदान शत्रूच्या ठाण्यांना लागून आणि तिचा डोंगर प्रतिकाराच्या मध्यवर्ती तळाला लागून होता.

या प्रदेशाला सर्वांत मोठी उणीव होती ती डॉक्टरांची. १८ सप्टेंबर १९३९ रोजी तांग काउंटीतल्या न्यूयानगौ या खेड्यात लष्करी आरोग्यशाळा सुरू झाली. ती उभी करण्यासाठी कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांनी जीव तोडून प्रयत्न केले होते. ऑक्टोबरच्या अखेरीस लाइयुआनच्या आघाडीवर शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला जखम झाली. तिचे विष अंगात भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी तांग काउंटीतल्या हुआंगशिकौ गावात त्यांचे निधन झाले. पुढे त्या शाळेला आणि तिथल्या लष्करी रुग्णालयाला त्यांचे नाव देण्यात आले, आणि दोन्ही संस्था गेगोंग या खेड्यात आल्या.

याच गेगोंगशी महाराष्ट्राचे नाते जुळते. १९३८ मध्ये राष्ट्रीय काँग्रेसने चीनच्या मदतीसाठी पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात अटल, नागपूरचे चोळकर, बसू, मुखर्जी आणि द्वारकानाथ शांताराम कोटणीस होते. कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला आणि वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक कम्युनिस्टांच्या मुख्य तळावर, येनानला, पोहोचले. पुढे कोटणीस जिन-चा-जीच्या डोंगरात आले आणि जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. रुग्णालय म्हणजे शेतकऱ्यांची घरे. शत्रूची मोहीम आली की रुग्णांना घेऊन डोंगरात शिरावे लागे. ते चिनी भाषा शिकले, त्याच भाषेत शिकवू लागले आणि त्यांनी विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचे पाठ लिहायला घेतले. १९४१ च्या अखेरीस त्यांनी तिथेच काम करणाऱ्या परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये झालेल्या मुलाचे नाव ‘यिनहुआ’ ठेवले गेले; त्यातले यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी गेगोंग इथे कोटणीसांचा मृत्यू झाला. त्या वेळी ते ३२ वर्षांचे होते. काउंटीतल्याच जुनछंग इथे, बेथ्यून यांचे समाधिस्मारक होते त्या जागी, त्यांना मूठमाती देण्यात आली. पुढे १९५० च्या दशकात त्यांचे अवशेष शिजियाच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत नेले गेले.

१९४९ नंतर : कम्यून, धरण, कालवा

नव्या राजवटीत काउंटी बाओदिंग विभागात राहिली. १९५८ मध्ये जनकम्यूनची लाट आली तेव्हा हबेईत अनेक शेजारी काउंट्या एकमेकींत विलीन करण्यात आल्या. एवढा मोठा घटक चालवणे जमले नाही आणि काही वर्षांत जुन्या काउंट्या पुन्हा वेगळ्या झाल्या. कम्यून १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात मोडले आणि जमीन कसण्याची जबाबदारी कुटुंबांकडे आली. १९९४ मध्ये बाओदिंग विभाग आणि शहर एकत्र होऊन जिल्हा दर्जाचे बाओदिंग शहर बनले. तेव्हापासून तांग काउंटी त्याच्याखाली आहे.

१९५८ मध्येच तांग नदीवर सिदायांग धरणाचे काम सुरू झाले. नदी डोंगर सोडून मैदानाकडे वळते तिथे हे मातीचे धरण आहे. त्याची साठवण क्षमता ११० कोटी घनमीटरहून अधिक आहे. ऑगस्ट १९६३ मध्ये हाय नदीच्या खोऱ्यात महापूर आला आणि ताइहांगच्या पायथ्याशी अभूतपूर्व पाऊस पडला, तेव्हा अशा धरणांची गरज किती खरी आहे हे दिसले. मात्र धरणाची किंमत काउंटीने मोजली. नदीकाठची उत्तम शेती आणि गावे पाण्याखाली गेली आणि विस्थापितांना टेकड्यांवरच्या उतरत्या जमिनीत नव्याने उभे राहावे लागले. पुराचे संरक्षण आणि पाणी प्रामुख्याने खालच्या मैदानाला आणि शहरांना मिळाले.

पुढच्या काळात दूरच्या शहरांसाठी पाण्याची सोय करण्याचा हा प्रकार वाढत गेला. १२ डिसेंबर २०१४ रोजी दक्षिणेचे पाणी उत्तरेला नेणाऱ्या प्रकल्पाच्या मधल्या मार्गातून पाणी वाहू लागले. हा १,४३२ किलोमीटरचा मार्ग ताइहांगच्या पायथ्याने तांग काउंटीतून जातो आणि तांग नदी ओलांडताना तिच्या पात्राखालून नेलेला आहे. एप्रिल २०१७ मध्ये बायांगदियान सरोवराभोवती शिओंगआन हे नवे शहर उभारण्याची घोषणा झाली. तेव्हापासून वरच्या जलाशयांतून सरोवरात सोडल्या जाणाऱ्या पाण्याचे मोलही वाढले.

डोंगराळ जमीन, शहरांसाठी राखलेले पाणी आणि रेल्वेपासूनचे अंतर यांमुळे काउंटी दीर्घकाळ गरीब राहिली. राष्ट्रीय पातळीवर दारिद्र्यग्रस्त ठरवलेल्या ८३२ काउंट्यांत तिचा समावेश होता. २०२० च्या अखेरपर्यंत ही सर्व यादी रिकामी झाल्याचे सरकारने जाहीर केले. त्याआधी १ जानेवारी २००६ पासून शेतसारा रद्द झाला होता. हान काळापासून काउंटीच्या ठाण्याचे पहिले काम सारा गोळा करणे हे होते. ज्या कामासाठी हे ठाणे उभे राहिले ते काम संपले, तरी ठाणे राहिले. आता त्याच्याकडून शाळा, दवाखाना, रस्ता आणि पाणी यांची अपेक्षा आहे.

राजघराणी, प्रांत आणि राजधान्या बदलत असताना तांग काउंटी टिकली, कारण एका नदीचे खोरे, एक खिंड आणि त्यांच्या आधाराने जगणारी गावे यांना ती बांधून ठेवत होती. कोटणीसांचे नाव महाराष्ट्रात आदराने घेतले जाते. पण त्यांनी कुठे काम केले असे विचारले तर ‘चीनमध्ये’ एवढेच उत्तर मिळते. ते उत्तर पुरेसे नाही. त्यांनी काम केले ते हबेई प्रांतात, बाओदिंगच्या नैर्ऋत्येला, तांग काउंटीतल्या गेगोंग गावात. मराठी शाळांच्या नकाशावर सोलापूरबरोबर या गावाचाही ठिपका असायला हवा.